चिमटा

रक्ताचा आजार निघाल्यापासून बायको मला काचेच्या भांड्यासारखं जपते. जरा धक्का लागला की अंगावर काळानिळा डाग उठतो, म्हणून हल्ली ती भांडतसुद्धा नाही. आज तपासणीहून आल्यावर मी सहज म्हणालो, "रक्त काढणारी नर्स म्हणाली, इतक्या ठसठशीत शिरा फार कमी पुरुषांना असतात. बराच वेळ बोट फिरवत होती."

बायकोनं दंडाला करकचून चिमटा काढला. लगेच डाग उठला. मग त्यावर बर्फ दाबत तिनं विचारलं, "दुखतंय?"

"हो."

"दुखू दे. पुढच्या वेळी मीही येते. बघू तरी कोण ती भवानी."

कित्येक महिन्यांनी मला पुन्हा नवरा झाल्यासारखं वाटलं. आता रक्त काढणाऱ्या त्या मिशीवाल्या काकांचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे.