बूट न काढता

संग्रामच्या पणजोबांचं संस्थान जेमतेम चाळीस गावांचं, पण दरबारचा नियम कडक होता: पायताण बाहेर. सूट फक्त गोऱ्या एजंटसाहेबाला. तो बूट वाजवत थेट गालिच्यावर यायचा आणि महाराजांना खुर्ची सोडून उभं राहावं लागायचं.

ती खुर्ची २००४ साली बोटीनं परदेशी, श्रूजबरीला संग्रामच्या घरी आली. त्याच हिवाळ्यात संग्रामच्या कार्पेटवर ठसे उमटू लागले. जड टाचांच्या बुटांचे, ओले, दारापासून खुर्चीपर्यंत. तेही रविवारी, भर दुपारी, दार बंद असताना. त्याच्या घरी तर पाहुणेसुद्धा बूट गराजमध्येच काढायचे.

पहिल्यांदा ते दिसले तेव्हा तो खुर्चीत चहा पीत होता. चौथा ठसा उमटेपर्यंत तो उभा राहिलेला होता. पुढच्या रविवारीही तेच. हळूहळू त्याला ठशांपेक्षा स्वतःच्या गुडघ्यांचाच संताप येऊ लागला.

आज त्यानं ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, उठायचं नाही.

पहिला ठसा उमटला. संग्रामनं खुर्चीचे हात घट्ट धरले. दुसरा. तिसरा. गुडघे उठू पाहत होते, पण तो बसून राहिला. ठसे अगदी त्याच्या पायांशी येऊन थांबले.

समोर सोफ्यावर त्याची लेक अनिका होमवर्क करत होती. तिला यातलं अक्षरही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला आणि मान खाली घालून ती उभी राहिली.

"अनिका, बस खाली."

"बाबा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आय कान्ट."