चाळिसावा

सायकल शर्यतीचं सुधारित निकालपत्रक अकरा वर्षांनी आलं, आणि चष्मेवाला एक्केचाळिसावा होता तो चाळिसावा झाला.

"बढती झाली म्हणायची," काउंटरमागून त्याची बायको म्हणाली. "दुकानाच्या पाटीवर लिहून घ्या आता."

तो हसला, पण उगाच आपला हसायचं म्हणून. पहिल्या ओळीतून त्याच्या संघाच्या कप्तानाचं नाव गेलं होतं. बाटलीत जपून ठेवलेली त्याची लघवी कुणीतरी आठ वर्षांनी नव्या यंत्रात घातली, तिच्यात बंदी असलेलं औषध सापडलं, मग तीन वर्षं सुनावण्यांचं गुऱ्हाळ चाललं, आणि शेवटी अख्खी यादी एकेक घर वर सरकली. यादीतला एक जण तर मधल्या काळात वारलाही होता. तोही बिचारा सव्विसावा झाला.

चष्मेवाल्याला क्रमांकाचं कधीच काही वाटलं नव्हतं. जिंकणं हे त्याचं कामच नव्हतं. संघात त्याला सगळे 'भिंत' म्हणायचे. रुंद खांद्यांचा गडी. त्याने पुढे राहून वारा छातीवर घ्यायचा, आणि कप्तानाने त्याच्या मागच्या चाकाला चिकटून दम राखून ठेवायचा, असा ठरलेला मामला. त्या दिवशी त्याने एकशे दहा किलोमीटर वारा घेतला आणि वर सगळा चढही ओढला. शेवटच्या वळणावर तो बाजूला झाला, कप्तान सुटला, आणि याने सायकल कठड्याला टेकवून पोटात होतं नव्हतं ते ओकून टाकलं. कप्तान पहिला आल्याचं त्याने कर्ण्यावरून ऐकलं. तिथेच कठड्यावर बसून तो लहान मुलासारखा रडला होता. आनंदानेच.

अजूनही काचेच्या कडा घासताना यंत्राची घरघर लयीत आली की त्याला तो चढ आठवायचा. तापलेल्या डांबराचा वास, पाठीला चिकटलेला सदरा आणि मागून कप्तानाच्या धापा. माणसाला आयुष्यात असा एक दिवस मिळाला तरी खूप झालं, असं तो बायकोला सांगायचा. तिला ते पाठ झालं होतं. पत्रकाने तोच दिवस नेला होता, आणि बदल्यात एक घर वर सरकवलं होतं.

दुपारी कप्तान स्वतःच दुकानात आला. पोट सुटलेलं, कपाळ मागे गेलेलं.

"काय भिंत," तो दारातूनच म्हणाला. "जवळचं वाचता येईना झालंय रे."

"ये. बस."

बायकोने दोघांकडे एकदा बघितलं आणि चहा ठेवते म्हणून आत गेली. कुठे थांबायचं आणि कुठून निघायचं हे तिला बरोबर कळायचं.

चष्मेवाल्याने तपासणीची जड फ्रेम कप्तानाच्या नाकावर चढवली, हातात अक्षरांचा तक्ता दिला आणि एकेक काच घालून बघायला लागला.

"हे बरं की हे?"

"पहिलं."

"आणि आता?"

"सारखंच वाटतंय."

इतक्या जवळून हा चेहरा आपण कधी बघितलाच नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. सात वर्षं एका संघात काढली, पण रस्त्यावर कायम याची त्याच्याकडे पाठ. त्याला कप्तान माहीत होता तो आवाजाने.

"पत्रक आलं का तुला?" कप्तानाने तक्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"आलं. चाळिसावा झालो."

कप्तानाला हसू फुटलं, आणि मग त्याचीच लाज वाटून त्याने तक्ता डोळ्यांजवळ नेला.

"एक विचारतो," चष्मेवाला म्हणाला. "खरं सांग. खोटं बोलून आता तुझं काही वाचायचं नाही. त्या चढावर तू मागे धापा टाकत होतास. त्या ऐकून मी ओढत राहिलो. हा दमलाय, अजून थोडं नेऊ, अजून थोडं नेऊ, असं करत माझा पार चोथा झाला. त्या धापा खऱ्या होत्या, की मी थांबू नये म्हणून नाटक होतं?"

अकरा वर्षांतलं सगळं त्या एका उत्तरावर होतं. त्याने काउंटरला हात टेकला.

कप्तानाने फ्रेम काढून मांडीवर ठेवली.

"खऱ्या होत्या," तो म्हणाला. "तुझं चाक धरून ठेवताना जीव जायची वेळ आली होती. दोनदा सुटलंही ते. कसाबसा परत आलो. तू एकदा मागे बघितलं असतंस तर दिसलं असतं तुला."

"औषध घेऊनही?"

"घेऊनही."

चष्मेवाल्याला आधी एकदम हलकं वाटलं. इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. म्हणजे आपली मेहनत काही फुकट गेली नव्हती. आतून कपबशांचा आवाज येत होता. मग हळूहळू त्या उत्तराची दुसरी बाजू त्याच्या डोक्यात शिरली, आणि हातातली काच त्याने जपून डब्यात ठेवली.

"म्हणजे त्या दिवशी मी तुझ्यापेक्षा..."

"त्याच दिवशी असं नाही. आधीचे दोन महिने, सरावात, रोज. तुझं तुला कळलं नव्हतं. मला कळलं होतं."

"मग बोलायचं होतंस. 'तू हो पुढे', एवढे तीन शब्द. मी तुझ्यासाठी एवढा वारा घेतला, तुला तेवढं म्हणता आलं नाही?"

"तेवढं म्हणायची पाळी येऊ नये," कप्तान म्हणाला, "म्हणूनच तर औषध घेतलं रे."