दुपट्ट्याखालची लेस

मांडवाच्या तोंडाशीच सुलोचनाबाई थबकल्या. समोर पाटावर पंचफुला बसली होती, हळदीनं माखलेली. अंगावर पिवळी सुती साडी. तिला ना काठ, ना बुट्टी.

सुलोचनाबाईंची साडी फिकट जांभळ्या व्हॉइलची होती. पदराला चार बोटं रुंद पांढरी लेस, आणि तशीच ब्लाऊजच्या बाह्यांना. लेस पंचफुलानंच विणलेली. वर्ध्याच्या शिवणवर्गात बाई तिला शिकवत, आणि वर्गाच्या शेवटच्या दिवशी लेसची गुंडाळी बाईंच्या हातात देऊन तिनं बजावलं होतं, "माह्या लग्नात हेच लावून येजा."

वर्ध्याहून पंचफुलाच्या गावी, नालवाडीपर्यंत चालत येताना दोन बायांनी मागं वळून पाहिलं, तेव्हा बाईंना बरं वाटलं होतं. आता मांडवातल्या माना वळल्या आणि त्यांना कानकोंडं झालं. लग्न हिचं, आणि लोक पाहताहेत मला.

त्या तशाच मागच्या अंगानं चुलीकडे गेल्या. पंचफुलाची आई सुंदरा भाताचा हंडा उतरवत होती.

"सुंदराबाई, अंगावर घ्यायला काही द्या."

"कायले, बाई? वैशाख हाये."

"असू दे. द्या तुम्ही."

सुंदरानं नवऱ्याचा जाडाभरडा दुपट्टा काढून दिला. बाईंनी तो दोन्ही खांद्यांवरून घेतला, पुढं गाठ मारली आणि वऱ्हाडातल्या बायांच्या मागं कोपऱ्यात जाऊन बसल्या. पाचेक मिनिटांत पाठीवरून घामाच्या धारा लागल्या.

"बाईले ताप आला का?" एकीनं विचारलं.

"नाही हो. अशीच."

वऱ्हाड आर्वीकडचं. नवरदेवाची आई रुख्मिणीबाई पुढंच बसल्या होत्या, उंच, वाळक्या अंगाच्या, कपाळावर गोंदण. शेजारची बाई त्यांना म्हणाली, "सून तुमची दोन साल वर्ध्याले जात होती म्हणते. काय शिकली तं?"

"काय माहीत," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "सावलीत बसाचं शिकली असन."

बाया हसल्या. पाटावरच्या पंचफुलाला ते ऐकू गेलं. तिनं मान वर केली नाही, पण डोळे मांडवभर फिरले आणि कोपऱ्यातल्या दुपट्ट्यावर येऊन थांबले.

"बाई, इकडं या न."

"मी इथं बरी आहे गं."

"या न, बाई."

सुलोचनाबाई बायांमधून वाट काढत पाटाजवळ गेल्या आणि वाकल्या. पंचफुला हळू आवाजात म्हणाली, "दुपट्टा काऊन घेतला?"

"अगं, आज नवरी तू. तुझ्यासमोर मी नटून कशी मिरवू? बरं दिसतं का ते?"

"मले थे लेस लावता येत नाई, बाई. हळदीच्या लुगड्याले आमच्यात काई लावत नाईत. चार महिने विणली म्या. तुमच्या अंगावर नाई, तं कोणाच्या अंगावर दिसन?"

आपण मोठं मन दाखवत आहोत, असं त्या घडीपर्यंत बाईंना वाटत होतं. त्यांनी दुपट्ट्याची गाठ सोडायला घेतली. घामानं ती घट्ट बसली होती. पंचफुलानंच हात वर करून हळदीच्या बोटांनी ती सोडवली.

मागची कुजबुज थांबली. एक म्हातारी नीट दिसावं म्हणून गुडघ्यांवर उठली. सुलोचनाबाई लाल झाल्या, पण या वेळी त्यांनी पदर आवरला नाही, उलट पाठीवर पुरता पसरला.

रुख्मिणीबाई उठून आल्या. काही न विचारता त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं. आधी डोळ्यांजवळ धरलं, मग हात लांब करून धरलं. शेवटी नुसत्याच बोटानं त्या एकेक फूल चाचपत गेल्या.

"कोण्या दुकानातली?"

"दुकानातली नाही. तुमच्या सुनेनं विणली."

"हिनं?"

"हिनंच. क्रोशाच्या सुईनं. माझ्या वर्गात बारा मुली आहेत. इतकं बारीक काम कोणालाच जमत नाही. मलाही नाही."

रुख्मिणीबाईंनी सुनेच्या हातांकडे पाहिलं. हळदीच्या त्या हातांची बोटं आखूड होती, कापूस वेचून टोकं खरबरीत झालेली. पंचफुलानं ती पदराखाली घेतली. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिनं पुन्हा बाहेर काढून मांडीवर ठेवली.

वऱ्हाडातल्या बाया रुख्मिणीबाई काय म्हणतात याची वाट पाहत होत्या. रुख्मिणीबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली, पाटाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "मले सुईत दोरा ओवता येत नाई आता. दोन साल झाले. घरात कोणाले सांगतलं नाई."

पंचफुला पाटावर जराशी सरकली. रुख्मिणीबाई मोकळ्या झालेल्या कडेवर टेकल्या आणि दोघी शेजारी शेजारी बसल्या, सरळ समोर पाहत. सुलोचनाबाईंचा पदर रुख्मिणीबाईंच्या मुठीत तसाच राहिला होता. सोडा म्हणायचं बाईंच्या जिवावर आलं. त्या वाकून उभ्या राहिल्या.