बंडी बदलण्याचा नियम

“जी गोल करील, तिने लगेच बंडी बदलायची आणि समोरच्या संघातून खेळायचं. गोल मात्र आधीच्या संघाचा,” नव्या क्रीडाशिक्षिकेने सांगितले. नववीच्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या.

तांबड्या संघाची कर्णधार, जिला सगळ्या तोफ म्हणत, कमरेवर हात ठेवून पुढे आली. “म्हणजे चांगलं खेळायचं आणि वर शिक्षा. हा कुठला न्याय, बाई?”

“आधी खेळ. मग भांड.”

हँडबॉल सुरू झाला. पहिला गोल तोफेच्या जिवलग मैत्रिणीने केला आणि ती निळी बंडी चढवून पलीकडे गेली. तोफ क्षणभर थबकली. मग तिचा चेहरा उजळला. “शिल्लकला द्या गं चेंडू,” ती कुजबुजली. “गोलही आपला आणि ब्यादही टळली.”

शिल्लक म्हणजे संघ पाडताना दर वेळी शेवटी उरणारी मुलगी. आजवर तिच्या हाती चेंडू आला होता, तो मैदानाबाहेरून आणून देण्यापुरता.

तिचा पहिला नेम हुकला, दुसराही हुकला. पण चेंडू पुन्हा तिच्याकडेच आला आणि या वेळी जाळ्यात गेला. तिला निळी बंडी मिळाली. निळ्यांनाही हिशेब कळत होता. त्यांनीही तिलाच पुढे केले. ती तांबड्यांत परतली, पुन्हा निळ्यांत गेली, पुन्हा परतली.

“अगं, मी खेळू की कपडे बदलू?” ती धापा टाकत म्हणाली. सगळ्या हसल्या. निळ्यांची गोलरक्षक मात्र हसली नाही. तिचे तळहात झोंबत होते.

घंटेला थोडाच अवकाश उरला असताना, इतर मुलींचेही गोल धरून, दोन्ही संघांची बरोबरी होती. चेंडू तोफेच्या हातात होता आणि निळ्यांनी तिला कोंडले होते.

“इकडे दे!”

हा आवाज शिल्लकचा आहे हे ओळखायलाही तोफेला वेळ लागला. तिने चेंडू फेकला. शिल्लकने तो उडी मारून झेलला आणि पाय जमिनीला टेकण्यापूर्वीच जाळ्यात मारला.

तांबड्या मुलींनी तिला मिठ्या मारल्या. बाईंनी निळी बंडी पुढे केली.

“नको ना, बाई,” तोफ काकुळतीला आली. “एवढी एक राहू द्या आमच्यात. हवं तर मी जाते.”

शिल्लकने बंडी केव्हाच हिसकावून घेतली होती. तिचे डोके बंडीच्या गळ्यातून बाहेर आले, तेव्हा तांबड्यांपैकी तिघी बचावासाठी हात पसरून तिची वाट अडवून उभ्या होत्या.