वडिलांना बीपी आहे का?

"डॉक्टर, हिला कशाला तपासू ऱ्हायले? ही आमच्या आबाच्या रक्ताची नाही," आबाची बहीण चिमाबाई बोलली.

डॉक्टरांच्या हातातला बीपीचा पट्टा तिथंच थांबला. सोनीनं बाही वर केली होती. ती तशीच राहिली.

मसाटच्या कारखान्यात आबा मशीनवरच पडला, त्याला चार दिवस झाले. तोंड वाकडं, जीभ जड. बीपी कधीपासून होतं, कोणालाच माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून उतरतं, पोरांना आणा. म्हणून सगळे सिल्वासाच्या दवाखान्यात आबाच्या खाटेपाशी जमलेले.

चंदाचं बीपी बरोबर निघालं. नवनाथचंही. आबाची ही दोघं पोरं गावी मामाकडे शिकतात, दिवाळीला तेवढे येतात. मग सोनीचा नंबर आला आणि आत्याला रक्त आठवलं.

सोनी वसंतची पोर. वसंत आबाचा कारखान्यातला जोडीदार, खडोलीत कामावर मेला. आबानं तिला घरी आणली तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता वीस. आबाच्या बाजूच्याच मशीनवर उभी राहते, बारा-बारा तास, रात्रपाळीलाही. घरी आल्यावरही दोघांच्या कानात तोच खडखडाट. सुट्टीत एकच डबा. भाकरी, ठेचा, वरून मीठ.

डॉक्टरांनी सोनीचा कागद घेतला. 'वडिलांना बीपी आहे का?' याच्यापुढे रेघ मारली.

"हिच्या खऱ्या वडिलांचं काही माहीत नाही ना," ते म्हणाले.

सोनीचं डोकंच फिरलं. "खरे म्हणजे कोणते? अठरा वर्षं डबा कोणाचा खाल्ला मी?"

आबा खाटेवरून काहीतरी बोलला. कोणाला कळलं नाही.

"चिडू नकोस. पारा चढेल," डॉक्टर सोनीला म्हणाले.

"चढू द्या. पट्टा बांधा."

पारा एकशे साठवर. डॉक्टरांनी तिला दहा मिनिटं गप्प बसवलं. आत्यालाही. परत पट्टा बांधला. परत एकशे साठ.

डॉक्टरांनी चंदाकडे बघितलं, नवनाथकडे बघितलं. "सगळंच रक्तातून येत नाही," ते हळूच म्हणाले. "मीठ असतं, आवाज असतो, जागरणं असतात."

सोनीनं बाही खाली केली. कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"मग ही खोडा. लिहा, बापाला आहे."