तिसरी लाल रेघ

बुधवारी दुपारचा एक वाजायला पाच मिनिटं होती. कागद कारखान्यात इंजिनीअरबाई रद्दीच्या गठ्ठ्यांआड दबा धरून बसली होती. समोर तीन नंबरचा पंप घरघरत होता. त्याच्या पाठीवर तिनेच बसवलेला काडेपेटीएवढा सेन्सर. पंपाची थरथर मोजून बिघाड आधीच ओळखायचा, ही तिची सहा महिन्यांची मेहनत.

सोमवारी एकच्या ठोक्याला तिच्या संगणकाच्या पडद्यावर लाल रेघ उसळली. मंगळवारीही एकलाच. पुढच्या मिनिटाला सगळं ठाकठीक. पंप काय घड्याळ बघून आजारी पडतो? इथे नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि संशय एकाच माणसावर होता. म्हातारा मिस्त्री पहिल्याच दिवशी चारचौघांत म्हणाला होता, "नाडी बघायला वैद्य लागतो, ताई. वायरी नव्हे." सगळे खोखो हसले होते. यंत्रणा खोटी पडली, की पुन्हा त्याचंच राज्य.

भोंगा झाला. माणसं जेवायला पांगली. मिस्त्री मात्र इकडेतिकडे बघत आला. खिशातून हातोडी काढून त्याने ती सेन्सरजवळ उगारली.

"सापडलात!" तिने त्याचं मनगट धरलं. "माझ्या पोटावर पाय देता?"

मिस्त्री दचकला नाही. त्याने तिच्या हातात बॅटरी दिली. "खाली बघा."

ती पालथी पडली. पंपाखालच्या लोखंडी बैठकीला वीतभर तडा गेला होता. सेन्सर होता वर. तिथवर त्याची नजर पोचतच नव्हती. पलीकडे, हातभर अंतरावर, कागद निवडणाऱ्या बायकांची बाकं होती.

"दोन वर्षं ओरडतोय, ताई. माझं कोण ऐकतं? तुमच्या वायरींचं ऐकतात. तीनदा लाल झालं की पंप थांबवायचा, हा नियम तुम्हीच केलात ना?"

तिने तिथूनच मॅनेजरला फोन लावला. तो लागेपर्यंत जेवणाची सुट्टी संपत आली. "साहेब, तीन नंबर लगेच थांबवायला हवा. मिस्त्री म्हणतात..."

"त्याचं रडगाणं रोजचंच आहे. तुमचं यंत्र काय म्हणतं? आज लाल झालं?"

"नाही, पण मी स्वतः तडा..."

"मग चालू दे." फोन बंद झाला.

बायका हात पुसत बाकांकडे परतू लागल्या होत्या. तिने मिस्त्रीच्या हातातली हातोडी घेतली आणि सेन्सरशेजारी सणसणीत हाणली.