शेवंतीचा अंगठा

कौसाबाईंचा नवा अंगठा रोज मोहरीएवढा वाढत होता. पुरता लांब व्हायला अजून तीन आठवडे होते, पण डॉक्टर मेहेंदळेंनी आत्ताच कात्री आणून दाखवली.

"मावशी, घाबरू नका. तुटल्या जागी आपण शेवंतीच्या शेंड्याची ऊती लावलीय. ती टोकाशीच वाढते. मापात आला की टोक खुडायचं, वाढ बंद."

कौसाबाई खो खो हसल्या. "ताई, नर्सरीत तीस वर्षं शेंडेच खुडले मी. एक खुडला की बाजूनं दोन फुटतात. मला अंगठा हवाय, झुडूप नको."

डॉक्टरांनी कात्री खाली ठेवली. "मग थांबवायचा कसा?"

कौसाबाईंचं हसू मावळलं. अंगठा मापाबाहेर गेला तर कलमाची सुरी पुन्हा कधीच हातात बसणार नव्हती.

"फुलावर आणू," त्या म्हणाल्या. "शेंड्याचं फूल झालं की तो पुढं वाढत नाही. फुलायला शेवंतीला रात्र मोठी लागते. आम्ही दुपारी चारलाच तिच्यावर काळं कापड ओढतो."

त्या दिवसापासून चार वाजले की कौसाबाई अंगठ्यावर काळी पिशवी बांधायच्या.

एकविसाव्या दिवशी दोन्ही अंगठे जुळले. बाविसाव्या दिवशी त्यांनी भीत भीत पुन्हा जुळवले. तेवढेच होते. नखाच्या जागी एक हिरवी कळी बसली होती.

त्यांनी सुरी धरून पाहिली. नीट बसली.

"कळी काढून टाकू?" डॉक्टरांनी विचारलं.

कौसाबाईंनी हात झटकन मागे घेतला. "खुडायची खोड सोडा हो आता."